अर्धे नाव

मी एक जुना ढोल आहे. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर अर्धाच. आमच्या असांते मुलखात ढोल जोडीने बोलतात. मी नर, खर्जातला. ती मादी, वरच्या सुरातली. इथल्या बोलीत सूर चढला-उतरला की शब्दच बदलतो, त्यामुळे एकट्या ढोलाला धड शिवीसुद्धा देता येत नाही.

आम्ही एकाच झाडाचे. तोडण्याआधी कारागिराने झाडाला अंडे वाहून त्याची क्षमा मागितली. मग माझ्या पोटावर उघडा हात कोरला आणि तिच्या पोटावर अंडे. सत्ता अंड्यासारखी असते. आवळली तर फुटते, सैल सोडली तर पडते, असा त्याचा अर्थ. आता मला एकट्याला पाहणाऱ्याला वाटते, हा भीक मागतो आहे.

तीस वर्षे अंपेमने आम्हाला वाजवले. आम्ही ज्याचे नाव घ्यायचो, तो माणूस ताठ उभा राहायचा. मग गावात लाउडस्पीकर आला आणि आमची रवानगी शेळ्यांच्या गोठ्यात झाली. ओल्या जमिनीवर तिला वाळवीने खाल्ले. माझ्याकडे वाळवी फिरकली नाही. वाळवीला वरचा सूर आवडत असावा.

गेल्या वर्षी गावची राजमाता वारली. आपले नाव ढोलावरच घ्यावे, नाहीतर पूर्वजांच्या दारात मला कोण ओळखणार, असे ती सांगून गेली होती. अंपेमने मला चौकात आणले. त्याची बायको आफ्राकोमा म्हणाली, "एकीला गोठ्यात सडवलीत. आता या रंडक्याकडून काय बोलून घेणार?"

अंपेमने मान वर केली नाही. त्याने नाव वाजवले. खर्ज, खर्ज आणि मध्ये भोक. मागून कोणीतरी म्हणाले, "अरे, राजमातेला बोलावतोयस की ओलं लाकूड फोडतोयस?"

त्याने पुन्हा वाजवले. या वेळी तिच्या जागा पुरत्या मोकळ्या सोडल्या. तिथे आफ्राकोमाने तोंडाने वरचा सूर भरला. ढोलाला हात लावायला बायकांना मनाई आहे. तोंडाला मनाई करायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिसऱ्या खेपेला सगळ्या बायका बोलल्या. नाव पुरे झाले.

"आता पोचेल ती," आफ्राकोमा म्हणाली आणि खाली बसली.

मित्रांनो, त्या आवाजांत माझी ती नव्हती. पण तिची जागा केवढी होती, ते मला त्या दिवशी ऐकू आले. तुमच्याकडे कोणी ओलीत पडले असेल, तर आजच कोरड्यात आणा. आणि दोघांना आणा.