प्लेटभर पापलेट

भाचीच्या लग्नाला आठवडा उरला असताना मिनलनं भावाशी भांडण उकरून काढलं, आणि तेही पापलेटवरून. समुद्र कुठल्याही बाजूनं गाठायचा तर दिवस मोडतो, अशा नागपुरात!

ती रत्नागिरीला नोकरी करायची. बंदरावर उतरलेले मासे मोजायचे आणि बारीक जाळ्यांनी पिल्लं ओढू नका म्हणून नावेवाल्यांच्या मागे लागायचं, हे तिचं काम. ते विचारायचे, ‘मग गिऱ्हाईक लहानच का मागतं?’ याचं उत्तर तिला नागपूरच्या महाल भागातल्या माहेरी मिळालं. तिच्या भावानं, जितेंद्रनं, लेकीच्या म्हणजे नूपुरच्या रिसेप्शनला प्रत्येक पाहुण्याला एक अख्खा पापलेट ठरवला होता. प्लेटमध्ये मावेल असा, म्हणजे तळहाताएवढा.

“दादा, हे पिल्लं आहेत. एकदाही अंडे दिले नाहीत यायनं. असेच उचलत राहिले तर समुद्रात काय उरन?”

“मंग का तुकडे वाढू? अख्ख्यात मान असते वं. लोक म्हणतील, पोरीच्या लग्नात जितूनं हात आखडला.”

घ्या! जीव माशाचा जायचा आणि मान पाहुण्यांचा राहायचा. मिनलनं वहिनीला सांगून पाहिलं, केटरर धम्मानंदला सांगून पाहिलं. सगळे हसून माना डोलवायचे आणि पुन्हा पत्रिकांकडे वळायचे. शेवटी तिचं डोकं फिरलं. “मोठे आण! कापून वाढ, पण मोठेच आण! नाहीतर मी रिसेप्शनले येत नाही.”

आत्याच दिसली नाही तर लोक नाही नाही ते विचारतील, या धास्तीनं जितेंद्र नमला.

रिसेप्शनच्या दिवशी हिंगणा रोडवरच्या हॉलमध्ये तो ज्याला त्याला सांगत होता, “आमच्या मिनलनं समजावलं, लहान मासोळी खायची नाही.” इतक्या वर्षांत आपलं कुणीतरी ऐकलं, म्हणून मिनलला भरून आलं.

तेवढ्यात तो स्वयंपाकघराकडून स्वतः प्लेट घेऊन आला. प्लेटमध्ये खरपूस तळलेली गाबोळी होती.

“पाह्य, धम्मानंद म्हणे जवळपास साऱ्यायच्याच पोटात अंडे निघाले! ही खास तुह्यासाठी ठेवली.”

मे महिना. पावसाच्या तोंडावर मोठ्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात, हे मिनल झोपेतून उठवलं तरी सांगायची. भांडणाच्या भरात तेवढंच डोक्यातून साफ गेलं होतं. या दिवसांत पापलेटच नको, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. नऊ वर्षं दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं आणि घरात स्वतःच माती खाल्ली. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

“खाय नं वं. काहून पाहून राहिली?” जितेंद्र कौतुकानं उभाच होता. भांडून झाल्यावर पहिल्यांदाच तो तिच्याशी हसून बोलत होता.

तिनं एक घास घेतला. चव फार छान लागली, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.