हलू नकोस, बोलू नकोस

छत्तीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो: हलू नका. बोलू नका, तोंड वाकडं येतं. श्वास जरा धरा. माझ्या स्टुडिओत माणसं दोन मिनिटं पुतळ्यासारखी बसतात आणि सुटका झाल्यासारखी बाहेर पडतात. व्हिडिओवाल्यांना तर मी खिजगणतीतही धरत नव्हतो. बटण दाबायचं आणि उभं राहायचं, त्यात कसली आलीय कला, असं मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगायचो. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि समोरच्या दुकानात जायची. बायको म्हणायची, "तुमच्या नाकावरच्या रागाचा एक फोटो काढून दारात लावा, म्हणजे लोकांना आधीच कळेल."

त्याच बायकोच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन गुरुवारी सकाळी.

लेकीचा फोन आला. ती लांब राहते आणि तिला सातवा महिना. रडेल असं वाटलं होतं, पण ती भांडलीच. "बाबा, आईचे घरात हजारभर फोटो आहेत. एकातही ती बोलत नाही. मला मुंगीच्या छत्रीची गोष्ट हवी, तिच्या तोंडून. माझ्या बाळाला ऐकवायला."

मुंगीच्या छत्रीची गोष्ट बायकोची स्वतःची. लेक लहानपणी जेवायला छळायची, तेव्हा रचलेली. त्यात मुंगीचा आवाज वेगळा, वाऱ्याचा वेगळा, छत्री दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा वेगळा. मी तेव्हा शेजारच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धूत असायचो. भिंतीपलीकडून नुसती कुजबुज यायची आणि मग दोघींचं हसणं.

"फोनवर करून टाका ना," लेक म्हणाली.

करून टाका म्हणे! माझ्या बायकोचा आवाज मी फोनवर उरकू? माझ्या कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय होतीच, घेतल्यापासून चार वर्षांत मी ती वापरली नव्हती इतकंच. मंगळवारी बसून कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका वाचून काढली. वरची चकती फिरवायची, मग फोटोचं बटण तेच व्हिडिओचं बटण. एकदा दाबलं की सुरू आणि समोरच्या बाजूला लाल दिवा, पुन्हा दाबलं की बंद. मला हसूच आलं.

बुधवारी दुपारी तिला खिडकीशी बसवलं. चार वाजता दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. आवाज आधीच बसलेला. मी पडदा अर्धा ओढला, खुर्ची दोनदा सरकवली, तिच्या मागचं कॅलेंडर उतरवलं. त्यातच दहा मिनिटं गेली.

"अहो, माझा घसा काय तुमच्या पडद्यासाठी थांबणारे?" ती म्हणाली.

मग तिने गोष्ट सांगितली. चार टप्प्यांत, मध्ये तीन वेळा पाण्यासाठी थांबून. माझा डोळा कॅमेऱ्याच्या छोट्या काचेत. काय सुंदर दिसत होती! डाव्या गालावर खिडकीचा मऊ उजेड, उजव्या बाजूला हलकी सावली. असा उजेड मला वर्षातून एखाद्या वेळी मिळतो. शेवटी मी चकती फिरवून व्हिडिओ आटोपला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, व्हिडिओचे चार तुकडे दिसत होते. चार टप्पे, चार तुकडे. मी खूश झालो. पाच वाजता दवाखान्यात तिने अंगठ्या काढून माझ्या हातात दिल्या.

गुरुवारी आठ वाजता तिला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. काहीतरी हातात हवं म्हणून कॅमेरा आणला होता. पहिला तुकडा लावला.

"काय बोलू? आधी केस बघा माझे," ती म्हणाली आणि मान किंचित कलती करून हसली. तुकडा तिथेच संपला.

मी पुन्हा लावला. पुन्हा हसण्यावर संपला. मग कळलं. ते हसू बघून माझ्या बोटाने बटण दाबलं होतं. चांगला चेहरा दिसला की ते दाबतंच, मला विचारत नाही. फोटोत त्याने हसू मिळतं. इथे त्याने व्हिडिओ बंद झाला होता. त्यानंतर सगळं उलटं. पाण्यासाठी थांबताना बंद करायला म्हणून दाबलं, ते सुरू झालं. ती बोलायला लागली की सुरू करायला म्हणून दाबलं, ते बंद झालं.

दुसऱ्या तुकड्यात टेबलाचा पाय आणि पेल्यात पडणारं पाणी. तिसऱ्यात तिचे गुडघे आणि "गॅस बंद केलाय ना?" चौथा मी लावला नाही. उठून धावलो.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टर होत्या. मी म्हणालो, "दोन मिनिटं. तिला दोन मिनिटं बोलू द्या, मग न्या."

"काका, त्यांना भूल दिलीय."

"मग उतरवा! उद्या करा ऑपरेशन. मी डॉक्टरांच्या पाया पडतो."

"काका, सुरू झालंय," त्या हळूच म्हणाल्या आणि मला दंडाला धरून बाकावर आणून बसवलं. मी ओक्साबोक्शी रडलो. समोर बसलेल्या लोकांना वाटलं, माझं माणूस गेलं. त्यांच्यातल्या एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

तिसऱ्या दिवशी लेक आली, पोट सांभाळत. बायको उशीला टेकून बसली होती, गळ्यात नळी, हातात लिहायची पाटी. मला आत्तापर्यंत तिने दोनदा लिहून विचारलं होतं, "गोष्ट नीट आली?" आणि दोन्ही वेळा मी मान हलवून हो म्हटलं होतं. माझ्यासारखा भित्रा माणूस नसेल.

"बाबा, लावा ना," लेक म्हणाली.

मी कॅमेरा तिच्याकडे दिला. तिने शेवटचा तुकडा लावला, मी न पाहिलेला. पडद्यावर फरशी होती आणि बायकोची चप्पल. आवाज मात्र स्वच्छ.

"अहो, तो लाल दिवा बघा, आत्ता लागलाय. मी सांगत होते तेव्हा विझलेला होता."

मग माझा आवाज. "तू बोलू नकोस गं. घशाला आराम दे."

"अहो, पण..."

"बोलू नकोस म्हटलं ना."

तुकडा संपला. लेकीने पुढचं बटण दाबून पाहिलं. "गोष्ट कुठेय, बाबा?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बोटासकट. लेक तोंडावर हात ठेवून रडायला लागली. बायको माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पाटीवर लिहिलं, पाटी वळवून आमच्याकडे धरली.

"रडू नकोस. बाबांनी समोर बसून ऐकलीय. ते सांगतील."

लेकीने डोळे पुसले. "सांगा ना, बाबा. म्हाताऱ्याने छत्री दुरुस्त केली, तिथवर मला आठवतं. पुढे काय होतं?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी आठवायचा प्रयत्न केला. डावा गाल आठवला, पडद्याची कड आठवली, कानामागे सुटलेली एक बट आठवली. मुंगीचं पुढे काय झालं, ते मी ऐकलंच नव्हतं.