सोमवारचं ओलं हेल्मेट

मनाली दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुधाचा टँकर आला की यंत्रावर तपासायच्या आधी कुणालातरी झाकण उघडून वास घ्यावा लागतो. आठ वर्षांत ते काम हळूहळू तिच्याकडंच आलं होतं. आंबूस, जळकट, गोठ्याचा, रबराचा, असा कुठला वास आहे ते ती एका श्वासात सांगायची. त्यामुळं घरातल्या हेल्मेटाचा त्रासही सगळ्यांत जास्त तिलाच व्हायचा.

हेल्मेट तिच्या नवऱ्याचं, धम्मपालचं. तो इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करायचा, पाळी दुपारची. कळंब्याच्या घरातून दोनला मोटरसायकल काढायची, आणि जाऊन-येऊन साठेक किलोमीटर ते काळं हेल्मेट डोक्यावर. परत आल्यावर ते दारामागच्या खुंटीला लागलं की बाहेरच्या खोलीत भिजलेल्या गोणपाटासारखा वास सुटायचा. गेल्या दोन महिन्यांत तर तो फारच वाढला होता.

एका रविवारी, धम्मपालच्या सुट्टीला, तिनं हेल्मेट अंगणात घेतलं.

"पेट्रोलनं पूस की. चटकन निघंल," धम्मपाल चहाचा कप घेऊन बाजूला उभा होता.

"पेट्रोलनं आतलं थर्माकोल विरघळतंय. मग पडल्यावर डोकं कशानं वाचवणार तुमचं?"

तिनं बटणं सोडवून गालाच्या गाद्या काढल्या, मग डोक्याचं अस्तर. कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून सगळं बुडवलं आणि हातानं हळूहळू दाबलं. पाणी काळ्या चहासारखं झालं. चौथ्या बादलीला ते जरा निवळलं. अस्तर न पिळता तिनं जुन्या टॉवेलात दाबून पाणी काढलं आणि गच्चीवर सावलीत वाऱ्याला टाकलं. थर्माकोल नुसत्या ओल्या फडक्यानं पुसलं, काच बोटानं साबण लावून धुतली. संध्याकाळी सगळं कोरडं ठणठणीत झाल्यावर हेल्मेट जुळवलं आणि आत नाक घातलं. शाम्पूशिवाय काही नव्हतं. समाधानानं तिनं ते खुंटीला लावलं.

सोमवारी सकाळी साडेसातला केर काढताना सहज तिनं आत हात घातला. कपाळाकडची बाजू ओली होती.

ती तिथंच थांबली. धम्मपाल आत घोरत होता. रविवारी तो कुठंच गेला नव्हता. मग घाम कुणाचा?

"थर्माकोल ओलं ऱ्हायलं असंल," तो उठल्यावर म्हणाला.

"थर्माकोल पाणी पीत न्हाय. आणि ओल नुसती पुढंच हाय. मागं कोरडं खडखडीत."

"आता हेल्मेटाचा बी रिपोर्ट काढणार काय?" तो हसला आणि आंघोळीला गेला.

मनालीला मात्र चैन पडेना. आठवडाभर कामावरही तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा अस्तर धुतलं, वाळवलं, आत खायचा सोडा भुरभुरून तीन तास ठेवला आणि झटकून टाकला. या खेपेला कपाळाच्या पट्टीखाली तिनं टिश्यू पेपरची घडी ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी ती घडी भिजून चुरगळली होती. तिनं ती नाकाशी नेली. घाम होताच, पण त्याच्याखाली आणखी एक वास होता, कडवट आणि हिरवा. माक्याच्या तेलाचा. धम्मपाल केसाला तेल लावत नव्हता. ती स्वतः खोबरेल वापरायची. तिनं गालाची गादी काढून खिडकीच्या उजेडात धरली, तर कडेला एक लांब केस अडकला होता. अर्धा पांढरा, अर्धा मेंदीनं तांबडा झालेला.

त्या घरात असे केस एकाच माणसाचे होते. तिच्या सासूचे.

सोनूबाई एकोणसाठ वर्षांच्या. आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस होत्या. काम सुटल्यापासून रोज पहाटे साडेपाचला कळंब्याच्या तळ्यावर फिरायला जायच्या आणि येताना पिशवीतून भाजी आणायच्या. आता मनालीच्या लक्षात आलं, की ही पिशवी जातानाही फुगलेलीच असते.

विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, किंवा उडवून लावलं असतं. पण मनालीला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मंगळवारी सासू बाहेर पडल्यावर तीही चपला घालून, जरा अंतर ठेवून मागं निघाली.

सोनूबाई तळ्याकडं वळल्याच नाहीत. कॉलनीच्या मागं मोकळ्या प्लॉटांचं मैदान होतं, तिकडं गेल्या. मनाली एका अर्धवट बांधकामाच्या भिंतीआड उभी राहिली. नुकतं फटफटलं होतं. मैदानात एक निळी स्कूटर गोल गोल फिरत होती. वर बसलेल्या बाईनं नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला होता, आणि काळं हेल्मेट सारखं पुढं घसरून तिच्या डोळ्यांवर येत होतं. मागनं शेजारच्या शालूबाई धापा टाकत पळत होत्या.

"पाय उचल की! जमिनीला घासत चाललीस बैलागत!"

"दिसंना झालंय मला!"

"मग ब्रेक दाब, मूठ का पिळतीस?"

स्कूटर दोन हिसके खाऊन थांबली. सोनूबाईंनी हेल्मेट वर सरकवलं आणि भिंतीआडून पुढं आलेली सून समोर दिसली.

शालूबाई म्हणाल्या, "आता घ्या. आली सीआयडी."

"आत्ती," मनाली म्हणाली, "हे कधीपास्नं?"

"झालं की दोन म्हैनं." सोनूबाईंचा आवाज बारीक झाला होता. "धम्माला सांगू नगंस. हेल्मेट त्याचं घेतलं, चुकलंच. पर डोकं फुटलं असतं तर मग घरात कळलंच असतं की."

मनालीला हसू फुटलं. तिघीही तिथंच विटांच्या ढिगावर बसल्या. सोनूबाईंची बहीण बनाबाई पेठ वडगावात एकटी राहायची, तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. एसटीच्या पायऱ्या सोनूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, आणि दर खेपेला कुणीतरी सोडायला येईल म्हणून वाट बघत बसायचा त्यांना कंटाळा आला होता.

"धम्माला म्हणालो हुतो, मला शिकव म्हणून. बघू म्हणाला. लई दिवस बघितलं मी."

वास का जात नव्हता, तेही मनालीला आता उमगलं. रात्री नवऱ्याचा घाम, सकाळी सासूचा. अस्तराला वाळायला वेळच मिळत नव्हता.

दुपारी धम्मपाल निघायच्या आत सोनूबाईंनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. आधी तो चिडला. त्या मैदानात दगड आहेत, मापाचं नसलेलं हेल्मेट डोक्याला उपयोगाचं नाही, असं बरंच बोलला. मग बूट घालायला बसला.

"मला का न्हाय सांगितलंस आये?"

"सांगितलंतं की."

तो बूट घालून निघून गेला. पण रविवारी तोच आईला घेऊन दुकानात गेला. सोनूबाईंनी सात हेल्मेटं घालून, मान हलवून बघितली. आठवं घट्ट बसलं, ते घेतलं. मग शिकाऊ परवान्यासाठी मोबाईलवरच्या प्रश्नांचा अभ्यास सुरू झाला. पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. दुसऱ्यांदा पास झाल्या.

शिकाऊ परवाना आल्यावर त्यांनी शालूबाईंची स्कूटर मागून घेतली आणि पक्का परवाना असलेल्या मनालीला मागं बसवून वडगावची वाट धरली. गावातनं त्या हळू पण नीट चालवत होत्या. पंचगंगेच्या पुलाअलीकडं एक ट्रक इतक्या जवळून गेला, की त्यांनी गाडी कडेला घेऊन बंदच केली.

"तू घे आता," त्या म्हणाल्या.

पुढं मनालीनं चालवली. वडगावात बनाबाई काठी टेकत दारात आली. सोनूबाईंनी हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, तोंड लालभडक झालं होतं.

"कुणी आणलं गं तुला?" बनाबाईनं विचारलं.

"पुलापतूर मी आलो," सोनूबाई म्हणाल्या. "परत जाताना गाडी पुलावर बी मीच चढवणार हाय. आधी पाणी दे."