खोबरेल तेलात थिजलेले मॅन्डोलिन

मी एक जुने मॅन्डोलिन आहे. माझ्या अंगाला अजून खवट वास येतो, म्हणून मित्रांनो, जरा लांब बसूनच ऐका. मला राग येणार नाही. तो वास मलाही सोसवत नाही.

माझा जन्म जर्मनीत, सॅक्सनीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पातळ फळीचे पोट, त्यावर तारांच्या चार जोड्या. कितीतरी हातांतून फिरत मी कार्ल्सरूहेच्या जुन्या बाजारात पोहोचले. तिथे सुकन्याने मला उचलले. ती नागपूरहून इंजिनिअरिंग शिकायला आली होती.

दर गुरुवारी ती मला एका आयरिश पबमध्ये नेई आणि तिथल्या मंडळींबरोबर रील वाजवी. रील म्हणजे आयरिश नाचाची धावती चाल. ती फिरून फिरून आपल्याच जागी येते आणि श्वास घ्यायला उसंत देत नाही. त्या पबातला सिगारेटचा धूर माझ्या पोटात शिरायचा, सांडलेली बिअर पाठीला चिकटायची. शी! पण सुकन्याचा हात तारांवरून वर-खाली धावू लागला, की मी ती घाण विसरून जायचे.

पुढे तिचे यशपालशी लग्न झाले आणि प्रिया जन्मली. बाळंतपणासाठी यशपालची आई, कांताआई, आल्या. त्या बाळाला रोज खोबरेल तेलाने माखायच्या. एके दिवशी भिंतीवर मला पाहून पुटपुटल्या, "लाकूड किती सुकलंय बिचारं! तेल मागतंय." तारांखाली, मानेवरच्या धातूच्या पडद्यांच्या फटींत, सगळीकडे त्यांनी तेल चोळले. सुकन्या दमून झोपली होती. पुढच्याच आठवड्यात पाळण्याला जागा हवी म्हणून यशपालने मला पेटीत घालून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेऊन ठेवले.

तिथल्या थंडीत तेल थिजले. तारांमध्ये पांढरी चरबी बसली. तिच्यावर धूळ, केस आणि एक मेलेला कोळी चिकटला. मग हिरवट लव उगवली. स्वतःच्याच अंगाची किळस येणे म्हणजे काय, ते मला विचारा!

वसंतात पबातल्या मंडळींनी सुकन्याला पुन्हा बोलावले. तिने तळघरात येऊन हौसेने पेटी उघडली आणि नाकाला ओढणी लावली.

"शीऽऽ! यशपाल, प्रियाला घेऊन वर जा! बुरशी आहे!" वर येऊन तिने विचारले, "अहो आई, याला तेल लावलंत तुम्ही?"

"मग? पोरीला चालतं, तुझ्या बाजाला नाही?"

"पोरीला तेलानंतर आंघोळ असते, आई!"

बुरशीचे कण बाळाच्या छातीत गेले तर, या विचाराने सुकन्याला काही सुचेना. श्पेरम्यूलच्या दिवशी लोक नको असलेले सामान रस्त्यावर ठेवतात. तिने मलाही एका डागाळलेल्या गादीशेजारी ठेवले आणि वर जाऊन खिडकीत उभी राहिली.

एका बाईने मला उचलले, हुंगले. "ईगिट!" असे किंचाळून तिने मला गादीवर फेकले आणि हात कोटाला पुसले.

सुकन्या घरातल्या चपलांनिशीच खाली धावली. "दास इस्ट माइन्स! माझं आहे ते!" तिने मला कवेत घेतले. बुरशी तिच्या बाहीला लागली.

बाल्कनीत तिने तारा काढल्या. कांताआई तोंडाला रुमाल बांधून समोर बसल्या.

"दे इकडे. मी लावलं, मीच काढते."

"सोडा हो आई, उलटी होईल तुम्हाला."

"होऊ दे. पण तू बाळाला घेण्याआधी हात धू."

दोघींची नाके आक्रसलेली होती, पण हात थांबले नाहीत. मात्र लाकडाने पिऊन टाकलेले तेल काही निघाले नाही. नव्या तारा चढवून सुकन्याने रील सुरू केली आणि मध्येच थांबली.

"आवाज बसला याचा."

"बाळंतिणीचाही बसतो," कांताआई म्हणाल्या. "वाजव पुढे."

ती वाजवत राहिली. माझा आवाज उशीतून आल्यासारखा येत होता, पण ती रील तिने पुरी केली.

मित्रांनो, मला तेल नको, ओल नको. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, एवढे पुरे. आणि एखाद्या वस्तूची किळस येऊन ती फेकावीशी वाटली, तर आधी पाहा, तिची ती दशा आपल्याच घरात झाली नाही ना.