नुसत्या पाण्याच्या वेली

वहिनीने पान उलटं केलं, अंगठ्याने चोळलं आणि अंगठा नाकाशी नेला. वास नव्हता. शेजारचं पान चोळलं. त्यालाही नव्हता. म्हणजे फवारून झाल्यावर कुणीतरी पाण्याने धुतलं असणार, असं तिच्या मनात आलं आणि ती पुढच्या वेलीकडे सरकली.

काचेच्या भिंतीपलीकडून नणंद बघत होती. तिच्या हातात रिकामी झारी होती.

“वहिनी, चहा निवला तुमचा.”

“निवू दे.”

डावीकडे

द्राक्ष संशोधन केंद्रात वहिनीकडे प्रयोगासाठी काचेच्या दोन खोल्या होत्या. डाव्या खोलीत जाईचा वास कोंडलेला असायचा. जाईचं फूल मात्र एकही नव्हतं. वास फवाऱ्याचा होता. द्राक्षाच्या वेलीला अळी चावली, पान फाटलं, की तिच्या अंगात एक संप्रेरक वाढतं आणि वेल लढायला उभी राहते. पानं राठ होतात, रोगाला आत शिरायला वाट मिळत नाही. तेच संप्रेरक आधीच बाहेरून फवारलं तर दुखणं येण्यापूर्वी वेल सावध होईल का, एवढंच वहिनीला बघायचं होतं. डावीकडे फवारा, उजवीकडे नुसतं पाणी. मग दोन्ही खोल्यांत सारखाच केवडा सोडायचा. केवडा म्हणजे पानाखाली पांढरी लव धरणारा द्राक्षाचा रोग. डावीकडच्या वेली वाचायला हव्यात. उजवीकडच्या आजारी पडायला हव्यात.

उजवीकडे

पडत नव्हत्या.

पहिल्या खेपेला दाराजवळच्या तेवढ्या स्वच्छ राहिल्या, बाकीच्यांवर केवडा आला. दाराशी कोण असतं? पाणी घालणारी. आणि पाणी घालणारी म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. संसार मोडून भावाकडे आलेली, वहिनीनेच शब्द टाकून इथे लावलेली. केवडा सोडायच्या आधी ती म्हणाली होती, “डावीकडच्यांचे लाड, आणि या बिचाऱ्यांना नुसतं पाणी. सावत्र आहेत का या?”

तेव्हा वहिनी हसली होती. मग एकदा घरी भाजी चिरताना तेच वाक्य आठवलं आणि सुरी मध्येच थांबली. दया आली असेल, चोरून फवारलं असेल. दया आलेलं माणूस काहीही करतं.

दुसऱ्या खेपेला नव्या वेली आणल्या. या वेळी उजव्या खोलीची किल्ली तिने स्वतःच्या गळ्यात अडकवली, पाणी स्वतः घातलं. सकाळी एकेक पान उलटायचं, चोळायचं, हुंगायचं. दुपारी पुन्हा. डाव्या खोलीकडे तिचं फारसं लक्षच नसायचं. तिथे संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

घरी

घरी टॉवेल हुंगायचा. नणंदेचा स्वेटर हुंगायचा. स्वेटरला जाईचा वास यायचा. ती डाव्या खोलीत फवारायची, तर येणारच. तरी.

“काय गं,” नवरा जेवताना म्हणाला, “तिचे कपडे कसले हुंगत बसतेस? घरात कुत्रं पाळल्यासारखं वाटायला लागलंय.”

नणंद एरवी अशा बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसायची. या वेळी तिने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन पडद्यांचं कापड मापत बसली. पुढच्या महिन्यात ती स्वतःची खोली घेणार होती. पगार चालू राहिला तर.

पुन्हा उजवीकडे

दुसऱ्या खेपेला उजवी खोली सगळीच्या सगळी स्वच्छ निघाली. वेली ठेंगण्या, पानं गडद, जाड. एकालाही डाग नाही. आणि किल्ली तर गळ्यात.

“झारीतला शुक्राचार्य सापडला का?” साहेबांनी फोनवर विचारलं. दोन्ही खोल्या त्यांच्या अखत्यारीत होत्या.

“बघतेय.”

“बघू नका, नाव सांगा. त्या माणसाला काढू, तुम्हाला तिसरी खेप देऊ. कुणी केलं तेच कळणार नसेल, तर खोल्या दुसऱ्याला देतो. रांग लागलीय इथे.”

तिने फोन ठेवला आणि बाहेर आली. नणंद नळाखाली झारी भरत होती.

“दुसरी किल्ली कुठेय?”

“कसली दुसरी?”

“उजवीकडची.”

नणंदेने नळ बंद केला. “वहिनी, घरात साखर संपली तरी तुम्ही आधी माझ्या कपात डोकावता. डोकावा. पण या खेपेला त्या खोलीत मी पाऊल टाकलेलं नाही.”

“मग काय, आपोआप धडधाकट राहिल्या त्या?”

“ते त्यांना विचारा. रोज दोनदा भेटता की तुम्ही.”

तिने भरलेली झारी उचलली आणि डाव्या खोलीत निघून गेली. वहिनी नळाशी उभी राहिली. पडद्यांचं कापड डोळ्यांसमोर आलं. निळं होतं, बारीक ठिपक्यांचं. मग तिने फोन लावला आणि नाव सांगितलं.

“बरं,” साहेब म्हणाले. “उद्यापासून येऊ नकोस म्हणून मीच सांगतो तिला. घरचा मामला आहे, तुम्ही मध्ये पडू नका.”

कोपऱ्यात

पुरावा म्हणून फोटो हवा होता. सगळ्या वेली एका चौकटीत याव्यात म्हणून वहिनी मागे मागे सरकत गेली, आणि तिचा खांदा कूलरला लागला. तिने वळून पाहिलं. कूलर आणि काच यांच्या फटीत एक वेल होती. तिला विसर पडला होता असं नाही, तिथेही ती लांबून नळीने पाणी सोडायची. केवडा सोडताना पंपाचा फवाराही तिथवर गेला होता. फक्त हात जात नव्हता.

ही वेल उंच होती. पानं मोठी, मऊ, फिकी. वहिनी आडवी होऊन फटीत वाकली आणि पेनाच्या टोकाने एक पान उचललं.

पांढरं.

दुसरं उचललं. तेही पांढरं.

ती सरळ झाली आणि समोरच्या ठेंगण्या, गडद वेलींकडे बघत राहिली. प्रत्येक पानाच्या कडेला, अंगठा फिरायचा तिथे, किंचित चकाकी आली होती. अळी चावते. वारा झोडपतो. कुणीतरी सकाळी येतं, उलटं करतं, चोळतं, दुपारी पुन्हा. कोण का हात लावतंय हे वेलीला कुठून कळणार. ती आपली लढायच्या तयारीला लागते.

आणि पहिल्या खेपेला दाराशी? ती दारापर्यंत चालत गेली. दार आत उघडायचं. आत शिरताना प्रत्येकाचा खांदा तिथल्या वेलींना घासत असणार. आता शिरताना तिचाही घासत होता.

तिने फोन लावला.

“ती नव्हती. मी होते.”

“तुम्ही फवारलंत?”

“हात लावला. तपासायला. रोज.”

“नुसता हात?” साहेब म्हणाले. “मग ते माणूस तुम्हीच. खोल्या गेल्या समजा.”

“समजले.”

“आणि तिला मी आत्ताच सांगून बसलोय. आता ते निस्तरायचं तुम्ही.”

दारात

नणंद एप्रनची घडी घालत होती. पाठमोरी. झारी धुऊन पालथी घातलेली होती, तिच्याशेजारी डाव्या खोलीची किल्ली. वहिनी दारात थांबली. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं. ती जवळ गेली आणि तिने नणंदेच्या पाठीवर हात ठेवला.

तळव्याखाली पाठ ताठ झाली.

“आता काय तपासताय, वहिनी?”