'त' अक्षराचं नाणं

माझ्या लेकाला पहिला दात आला आणि मी सासूबाईंच्या कपाटावर नजर ठेवायला लागले.

दात आला की आमच्याकडे गहू शिजवतात. बाळाला मधोमध बसवायचं, डोक्यावर पांढरं कापड धरायचं, वरून गहू ओतायचा आणि समोर कात्री, कंगवा, पुस्तक, हातोडी मांडायची. बाळ ज्याला हात घालेल तसा त्याचा जन्म जाणार. मी शाळेत गणित शिकवते. पण या बाबतीत आमच्या ओशाकान गावात कुणीच शहाणं नसतं.

मला धास्ती कात्रीची नव्हती. माझा दीर तातुल सैन्यात निघाला तेव्हा सासूबाईंनी त्याला बँकेने काढलेलं, 'त' अक्षर कोरलेलं सोन्याचं नाणं दिलं होतं. आपल्या नावाचं अक्षर आपल्याला राखतं म्हणे. तीन महिन्यांनी नाणं पाकिटातून आलं, दीर पेटीतून. पुढे मला मुलगा झाला, तर त्याचंही नाव तातुलच ठेवलं. माझं कोण ऐकतंय? आता सासूबाई ते नाणं बाळापुढे मांडणार, हे कळायला ज्योतिषी नको होता.

म्हणून आदल्या दिवशी मी ते त्यांच्या कपाटातून काढलं आणि घरच्या गव्हाच्या बरणीत खोल खुपसलं. शिजवायला नवा गहू आणलेलाच होता.

सकाळपासून सासूबाई खण उपसत होत्या.

"काय हरवलं, आई?"

"काही नाही गं. तू पोराला न्हाऊ घाल."

पाहुणे जमले. नणंद शोघिक पातेलं घेऊन आली. "वहिनी, तुझ्या नव्या गव्हात निम्मे खडेच. माझ्या भावाला पारखलंस तसाच पारखलास वाटतं. मी आपला बरणीतला शिजवला."

बायका हसल्या. मी धडपडत उठले, पण तोवर पातेलं कलंडलं होतं. गहू पडला, बेदाणे पडले, आणि शेवटी टणकन काहीतरी फरशीवर आपटून बाळाच्या मांडीशी थांबलं. त्याने पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. उचललं आणि मूठ मिटली.

"सोनं उचललं. सावकार होणार बघा," शोघिक म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाईंनी वाजवल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "सकाळपासून तेच शोधत होते गं. पोराच्या नजरेला पडायच्या आत चर्चमध्ये देऊन टाकायचं होतं."

मी बाळाची मूठ सोडवायला बसले. सात महिन्यांचं पोर, पण एक बोट उघडेना.