तिसरी हाक

ओविदियोच्या जुन्या पिकअपमध्ये पुढे तिघंच मावत. चाकामागे ओविदियो, खिडकीशी त्याची धाकटी बहीण नोल्फा आणि दोघांच्या मधोमध, शिवेवर रोवलेल्या दगडासारखे, त्यांचे वडील फर्मिन. अकरा वर्षं ही भावंडं एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती. बोलायचं ते बाबांच्या मार्फत.

"बाबा, ह्याला सांगा, काच वर कर म्हणावं. धूळ येतेय."

"बाबा, हिला सांगा, वाळवंटात धूळच येते. अत्तर नाही शिंपडत कुणी."

फर्मिन काहीच सांगत नसत. दोघांनीही ऐकलेलं असे.

मारिया एलेना गावाहून ते सकाळी सातला निघाले होते. दोन्ही बाजूंना सोऱ्यासाठी खणलेली भुई पसरलेली, ओरबाडून टाकलेली. झाड नाही, पाखरू नाही, सावली म्हणाल तर फक्त त्यांच्या गाडीची, तीही लांबुडकी होऊन चाकाला चिकटलेली. नोल्फाने शिदोरी सोडली. घरचा पाव, चहाचा थर्मास, उकडलेली अंडी. एक सोलून तिने बाबांना दिलं, एक स्वतः खाल्लं आणि फडकं बांधून टाकलं. अंडी दोनच का, असं बाबांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, माणसं मोजूनच उकडलीत. ओविदियो रस्त्याकडे बघून हसला. ते हसणं अंड्याच्या कवचासारखं होतं, आत काही नसलेलं.

खाली समुद्रकाठच्या तोकोपियाला उतरणाऱ्या घाटात, शेवटून तिसऱ्या वळणावर, निबाल्दोचं घरकुल होतं. निबाल्दो मधला भाऊ. ह्या रस्त्यावर जो मरतो त्याचं पत्र्याचं घरकुल तिथेच उभं राहतं, हातभर उंच, क्रूस लावलेलं. देह गावच्या दफनभूमीत, पण जीव रस्त्याकडेला, जिथे रक्त सांडलं तिथे. येणारा-जाणारा हॉर्न वाजवून पुढे जातो, कुणी पाण्याची बाटली ठेवतं. आता रस्ते खात्याची चिठ्ठी आली होती. वळण रुंद होणार, महिनाअखेरपर्यंत घरकुल घाटाच्या पायथ्याशी हलवा, नाहीतर मशीन हलवील.

नुसता पत्रा उचलला म्हणजे घरकुल हलत नाही. जीव मागे राहतो आणि मशीन त्याच्यावरून फिरतं. त्याचा वापरलेला कपडा त्या जागेवर फिरवायचा, नाव घेऊन तीनदा बोलवायचं, तेव्हा तो कपड्यात शिरतो आणि सोबत येतो. आणि बोलवायचं कुणी? शेवटच्या घडीला जो त्याच्याजवळ होता, त्याने. नोल्फा म्हणाली होती, मी बोलावते. फर्मिनने मान हलवली होती. तू नव्हतीस तिथे. होता तो ओविदियो.

म्हणून ओविदियो आज आला होता. अकरा वर्षांत तो ह्या घाटाने एकदाही उतरला नव्हता. मासळी आणायला जायचं तरी दीडशे मैलांचा वळसा घाली.

त्या दिवशी सणाहून दोघे परतत होते. गाडी दरीत गेली. ओविदियो बरगड्या मोडून वर आला आणि त्याने पोलिसांना सांगितलं, निबाल्दो चालवत होता, प्यायलेला होता, मी झोपलो होतो. कागदावर तेच चढलं. गावात तेच झालं. निबाल्दोची बायको मान खाली घालून दक्षिणेला माहेरी निघून गेली. नोल्फा तेव्हाच ओरडून सांगत होती की चाक फिरलं की निबाल्दोचा डोळा लागायचा, लहानपणापासून, गाडीत तो कधी जागा राहिलाच नाही. पण ओविदियो खाणीतला मोठा ट्रक चालवी. त्याच्या नावावर असा डाग पडला असता तर पुन्हा कुणी त्याच्या हाती चाक दिलं नसतं. मेलेल्याची नोकरी कशाने जाणार होती?

आज नोल्फाला एकच गोष्ट हवी होती. ते वळण खणून निघायच्या आत, त्याच जागेवर, खरं काय ते ओविदियोच्या तोंडून बाबांच्या कानावर पडायला हवं. नंतर ना ती जागा उरणार होती, ना बाबा फार दिवस.

घाट सुरू झाला. वाटेतल्या पहिल्या घरकुलापाशी ओविदियोने हॉर्न दाबला. दुसऱ्यापाशी दोनदा.

"बाबा, ह्याला विचारा, परक्यांना एवढे मुजरे आणि घरच्याला अकरा वर्षं एकही नाही, असं का?"

"हिला सांगा, हॉर्न माझा आहे."

"सांगा त्याला, दरीही त्याचीच होती."

"पुरे," फर्मिन म्हणाले.

खालून समुद्राचं धुकं चढत होतं. कातळाला हात लावत, आंधळ्यासारखं. वळणावर गाडी थांबली तेव्हा घरकुलाचा नुसता क्रूस वर दिसत होता. नोल्फाने पत्र्याची फुलं काढून हातात घेतली. ह्या मुलखात खरी फुलं टिकत नाहीत, म्हणून ती डब्याच्या पत्र्यातून कापतात, आणि ही तिनेच कापलेली होती. ओविदियोने पहार घातली. चौथ्या घावाला पाया सुटला. मग फर्मिनने पिशवीतून निबाल्दोचा निळा सदरा काढून ओविदियोच्या हातात दिला आणि बोलवायचे शब्द स्वतः आधी म्हणून दाखवले, त्यांच्या आईने त्यांना शिकवले तसे:

ये रे जिवा, ये रे भावा, माती सोड, दगड सोड,
तुझ्या सदऱ्याला रे अजून तुझ्या घामाची ओढ.

ओविदियोने सदरा जमिनीवरून फिरवला. "निबाल्दो," तो म्हणाला. आवाज खरडल्यासारखा आला. "ये रे जिवा, ये रे भावा…" शब्द पूर्ण केले. धुकं तसंच.

"त्याला सांगा, मोठ्याने," नोल्फा म्हणाली. "तो बहिरा नव्हता."

दुसऱ्यांदा सदरा फिरला. "निबाल्दो…" आणि ओविदियो अडला. ओळ त्याला आठवेना. खालून, धुक्याच्या तळातून, लाटेचा आवाज आला. तिघं पोरं असताना बाबांच्या ट्रकमधून ती इथे उतरायची, निबाल्दो पहिल्या मैलालाच झोपायचा, आणि हा आवाज आला की थोरल्याने त्याला हलवायचं, हे ठरलेलं होतं. ओविदियोने सदऱ्याची बाही धरली आणि हलवली.

"ऊठ, निबो. समुद्र आला."

तो स्वतःच दचकला. पण तोंडातून निघालेलं परत घेता येईना, आणि मागचंही त्याच्यामागून आलं, घसरत्या दगडांसारखं. "वळण संपलं की उठवणार होतो रे. म्हटलं, झोपू दे अजून थोडा."

नोल्फा हलली नाही. तिला वाटलं होतं, हा क्षण येईल तेव्हा ती ओरडेल, किंवा पहार उचलेल. फुलांच्या कडा तिच्या तळव्यात रुतत होत्या.

फर्मिन दोन पावलं पुढे झाले. ऐकू येणारा कान त्यांनी मुलाकडे केला.

"चालवत कोण होतं?"

"मी, बाबा."

"आणि पिऊन?"

"मीच."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. अकरा वर्षांपूर्वी पोलिसांच्या त्या कागदाखाली बाप म्हणून त्यांनीच सही केली होती, तो हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला.

"दोनच झाल्या," ते म्हणाले. "तिसरी हाक मार. त्याला इथे अर्धवट सोडू नकोस."

ओविदियोने तिसरी हाक मारली. ती रडत मारली, पण त्याचे डोळे कुणी पुसले नाहीत.

घरकुल हौद्यात चढवलं. फर्मिनने किल्लीसाठी मुलापुढे नुसता तळहात धरला, आणि मिळाली तशी ती नोल्फाला दिली. ओविदियो न सांगता मागे चढला, घरकुलाशेजारी, सदरा मांडीवर घेऊन. पुढे आता दोघंच, तरी फर्मिन मधल्याच जागेवर बसले. खिडकीकडे सरकले नाहीत.

नोल्फाने गाडी काढली. उखडलेल्या खळग्याशी तिने हॉर्न दाबला आणि वळण सरेपर्यंत सोडला नाही. दोन वळणं खाली धुकं फाटलं. समुद्र दिसला, राखाडी, गळ्यापर्यंत भरलेला. आरशात ओविदियो वाऱ्याने थरथरत होता. घरकुल प्रत्येक खड्ड्याला उडत होतं.

"त्याला सांग," फर्मिन म्हणाले, "निबाल्दोला नीट धर म्हणावं."

नोल्फाने वडिलांकडे पाहिलं. त्यांची नजर समोर, पाण्यावर होती. आता हे असंच चालणार होतं, फक्त निरोप पोचवणारं मधलं माणूस आता ती होती.

तिने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं.

"ए," ती म्हणाली. अकरा वर्षांतला पहिला शब्द. "नीट धर त्याला."